मुंबई–न्यूयॉर्क: अंतर, प्रत्यक्ष लागणारा वेळ आणि ज्येष्ठांसाठी मार्ग

शनिवारपेठी
आईबाबांचं (दोघंही सत्तरीपुढे) मुंबई–जेएफके (न्यूयॉर्कचा विमानतळ) तिकीट काढायचं आहे. अंतर सुमारे १२,५३० किमी दिसतं, म्हणजे ताशी ९०० च्या वेगाने १४ तास. मग तिकिटावर १६ च्या आसपास का? नॉनस्टॉप बरं की मध्ये थांबा घ्यावा? जाणकारांनी कृपया सांगावं.

होकायंत्र
१२,५३० हे गोलावरचं सर्वात कमी अंतर. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघा, तो उत्तरेकडे चढत जवळजवळ ६५ अंश अक्षांशापर्यंत जातो. विमानाला तो मार्ग क्वचितच मिळतो. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून त्यांची विमानं आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेला जातात. अमेरिकी कंपन्यांना २०२२ पासून रशियावरून जाता येत नाही.

दुसरं म्हणजे वारा. ९०० हा वेग हवेच्या तुलनेत. वाटेत सरासरी ५० किमीचा वारा समोरून आला तर जमिनीवरचा वेग ८५० उरतो आणि पाऊण तासाहून जास्त वेळ वाढतो. येताना तोच वारा पाठीशी असतो, म्हणून परतीला सहसा तास-दीड तास कमी. शिवाय तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो. धावपट्टीपर्यंतची रांगही त्यातच.

घड्याळजी
निघण्याची-पोचण्याची वेळ स्थानिक असते. रात्री १:३० ला निघून त्याच दिवशी सकाळी ७:३० ला पोचणं म्हणजे ६ तास नव्हेत. उन्हाळ्यात फरक साडेनऊ तासांचा, म्हणजे प्रवास १५:३०. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत फरक साडेदहाचा, तेव्हा त्याच वेळांचा अर्थ १६:३०.

आणि 'डायरेक्ट' शब्दावर जाऊ नका. एकाच फ्लाइट नंबरचं विमान मध्ये उतरलं तरी ते डायरेक्टच. 'नॉनस्टॉप' लिहिलंय का, ते बघा.

सिंधुदुर्गकर
थांब्याने अंतर फारसं वाढत नाही. दुबईमार्गे साधारण १,९३० + ११,०२० किमी, लंडनमार्गे ७,२०० + ५,५४०. पण दुबईचा दुसरा टप्पा १४ तासांच्या आसपास, म्हणजे बैठक जवळपास नॉनस्टॉपइतकीच. गुडघे-कंबर धरत असेल तर लंडनची विभागणी खूप बरी. मात्र हीथ्रोला विमान बदलताना पुन्हा सिक्युरिटी असते, टर्मिनल बदललं तर बसही. तिथे तीन-साडेतीन तास ठेवा, दीड तासाचं कनेक्शन या वयात नकोच. वैध अमेरिकी व्हिसा असल्यास लंडनला वेगळा ट्रान्झिट व्हिसा सहसा लागत नाही, तरी पैसे भरण्याआधी ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर खात्री करा.

दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) हवेत. वेगवेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढचं तिकीट बुडतं.

होकायंत्र
+१. अबूधाबीचाही विचार करा. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, जेएफकेला देशांतर्गत प्रवाशांसारखं बाहेर पडता येतं. बैठक मात्र दुबईइतकीच.

शनिवारपेठी
दोघांचे गुडघे दुखतात, तेव्हा लंडन. व्हीलचेअर कधी सांगायची?

सिंधुदुर्गकर
तिकीट काढतानाच, दोघांसाठी स्वतंत्र आणि दोन्ही टप्प्यांसाठी. निघण्याच्या ४८ तास आधी कंपनीला फोन करून नोंद दिसते का विचारा. सीट आईल (मधल्या वाटेच्या) बाजूच्या, औषधं प्रिस्क्रिप्शनसह हातातल्या बॅगेत. पायांवर दाबाचे मोजे चालतील का, ते डॉक्टरांना विचारून घ्या.