अजिंक्यतारा रोज चढणाऱ्याला ब्लॉकेज कसं?

सेक्रेटरी: उद्या सकाळी ९ ते १२ टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवा. आणि आबांना काल डिस्चार्ज मिळाला, हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडायची अँजिओप्लास्टी व्यवस्थित झाली. दुपारी १ ते ४ त्यांची बेल कुणी वाजवू नये.

नाना (बी-२०३): बरं वाटलं. पण एक कळत नाही. रोज पहाटे अजिंक्यतारा किल्ला चढणारा माणूस. आम्ही पोवई नाक्याला जायचं तरी स्कूटर काढतो. ब्लॉकेज त्यांनाच? मग चालून उपयोग काय?

ए-१०१ काका: *फॉरवर्ड* एकटे असताना झटका आला तर जोरजोरात खोकत राहा, हृदय चालू राहील. १० जणांना पाठवा.

सिस्टर ताई (सी-३०२): काका, हे डिलीट करा. खोकत बसलं तर वेळ जातो, बाकी काही नाही. छातीवर दाब, हातात नाहीतर जबड्यात कळ, दरदरून घाम, असं झालं की लगेच १०८ ला फोन, ॲम्ब्युलन्स बोलवायची. स्वतः गाडी चालवत निघायचं नाही. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट नाही, तर १०८ लावून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबत राहायचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, गाडी येईपर्यंत.

ए-१०१ काका: केलं डिलीट. १० जणांना गेलंय मात्र.

आबा (बी-४०१): पडून पडून कंटाळलोय, मीच सांगतो. नाना, चढत होतो म्हणून तर कळलं. दिवाळीनंतर गडाच्या दुसऱ्या वळणावर छाती आवळून यायची. कठड्याला पाच मिनिटं टेकलं की जायची. मला वाटलं पित्त. लिंबू-सोडा पीत पंधरा दिवस काढले. कार्डिओग्राम काढला, नॉर्मल! खुशीत कंदी पेढे आणले अर्धा किलो. ते खाऊन झाल्यावर डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी एकच विचारलं, "चढताना येतं आणि थांबलं की जातं?" ट्रेडमिलवर चालवत कार्डिओग्राम काढला तेव्हा त्यात दिसलं. निवांत पडून काढलेल्या कार्डिओग्रामात हे दिसेलच असं नसतं म्हणे.
आणि आमचे वडील ५१व्या वर्षी हार्टनं गेले. मी वीस वर्षं बिडी ओढली, सुटून बारा झाली. कोलेस्टेरॉल कधी बघितलंच नाही. मला काय धाड भरलीय, हा तोरा.

सिस्टर ताई: नाना, हेच उत्तर. वय, बीपी, साखर, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, तंबाखू, पोटाचा घेर, घराणं, ह्या सगळ्याची बेरीज असते. रोजच्या चालण्यानं बीपी-साखर आटोक्यात राहायला मदत होते, वडील बदलत नाहीत. बाप-भावाला ५५च्या आत किंवा आई-बहिणीला ६५च्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टरांना आपण होऊन सांगायचं. आबा, तुमच्या मुलाचं लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करून घ्या.

काकू (बी-१०४): हे सगळं पुरुषांचंच ना पण?

सिस्टर ताई: नाही हो काकू. पाळी गेल्यावर आपलाही धोका वाढत जातो. गरोदरपणी बीपी किंवा साखर वाढली होती का, तेही सांगायचं. बायकांना कधी छातीत कळ न येता नुसता दम लागतो, मळमळतं, पाठ धरते. आपण म्हणतो काम जास्त झालं, आणि पडून राहतो. आणि मिश्री म्हणजे तंबाखूच.

काकू: मिश्रीचं तुला कुणी सांगितलं?

नाना: 😄 बरं, स्टेंट बसला म्हणजे आबा मोकळे ना? गोळ्या किती दिवस?

सिस्टर ताई: स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेली जाळीची नळी. तिनं ती एक जागा उघडली. बाकीच्या रक्तवाहिन्या त्याच आहेत. रक्ताच्या गुठळीवरच्या गोळ्या मनानं बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. दात काढायचा असला तरी आधी हार्टच्या डॉक्टरांना विचारायचं.

सेक्रेटरी: ऑफिसात बीपीचं मशीन आहे, वॉचमनच्या खुर्चीमागं. नवे सेल टाकले. आत्ता बघितलं तर माझंच १६२/९८ 😳

सिस्टर ताई: कुठून आलात?

सेक्रेटरी: टाकी बघून. गच्चीवरून.

सिस्टर ताई: मग तसंच दाखवणार. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पट्टा शर्टावरून नको. आणि मुख्य म्हणजे बोलू नका.

नाना: शेवटचं अवघड आहे.

सेक्रेटरी: १५०/९४.

सिस्टर ताई: एका आकड्यानं घाबरू नका. सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजून सात दिवस वहीत लिहा. सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर वही घेऊन डॉक्टर गाठा. मीठ सगळं मिळून दिवसाला चमचाभर, ५ ग्रॅमच्या आत. त्यात लोणचं, पापड, फरसाणही आलं.

सेक्रेटरी वहिनी: लोणच्याची बरणी माळ्यावर गेली.

नाना: म्हणजे हे आता आमच्याकडं जेवायला येणार.

आबा: मशीन जरा वर पाठवा. मुलाचं बघायचंय. तो म्हणतोय, मला काय धाड भरलीय.