निफाडच्या घरासाठी सोलर एअर हीटर: कॅन घेऊ की जाळी?

मुलुंडकर:
राम राम मंडळी. राहतो मुलुंडला, पण सोलर एअर हीटर, म्हणजे उन्हात हवा तापवून खोलीत सोडणारं खोकं, आई-बाबांसाठी हवाय. ते निफाडजवळ गावी असतात. डिसेंबर-जानेवारीत तिथला पारा चार-पाचावर येतो आणि मी इथे पंखा लावून झोपतो. रूम हीटरचं नाव काढलं की बाबांचं एकच, "मीटर पळतो".

म्हणून ४ बाय ६ फुटांचं प्लायचं खोकं केलंय. पाठीला थर्माकोल, त्यावर काळे रंगवलेले कोल्ड्रिंकचे कॅन, वरून काच. हवा ओढायला कॉम्प्युटरचा छोटा पंखा. सेक्रेटरींनी गच्ची रविवारपुरती दिली. दुपारी बाहेर ३१ अंश असताना पाइपातून ६२ची हवा आली! हे चांगलं ना? आणि गावी खोकं किती तिरकं ठेवू?

डक्टवाला_डोंबिवली:
एसीच्या डक्टिंगमध्ये केस पांढरे झाले, म्हणून बोलतो. ६२ बघून टाळ्या वाजवू नका. हवा इतकी तापली याचा अर्थ ती फार हळू चाललीय. खोकंच गरम होऊन काचेतून उष्णता बाहेर टाकतंय. खोलीला मिळणारी उष्णता म्हणजे हवा किती गुणिले किती अंशांनी तापली. तुमचा पंखा भरल्या खोक्यात सेकंदाला दहा लिटर हवा ढकलत असेल, तर हाती येतात जेमतेम साडेतीनशे वॅट. तिप्पट हवा सोडा. फरक वीस अंशांवर उतरेल, पण वॅट जवळजवळ दुप्पट होतील. तुमच्या खोक्यावर भर दुपारी दोन किलोवॅटच्या आसपास ऊन पडतं. त्यातलं निम्मं खोलीत गेलं तरी जिंकलात.

कॅन सोडा. आतून प्लॅस्टिकचा थर, बाहेरून छपाई, तापले की वास मारतात. नागदेवी स्ट्रीटवरून अ‍ॅल्युमिनियमची मच्छरजाळी आणा, मॅट काळी रंगवा आणि दोन-तीन थर तिरके ताणा, हवा जाळीतून आरपार गेली पाहिजे. थर्माकोल आजच काढा. पंखा बंद पडला की बंद खोकं शंभरच्या वर जातं आणि थर्माकोल ऐंशीच्या पुढे आक्रसतो. ग्लासवूल (काचेच्या धाग्यांचा कापूस) भरा, वर फॉइल लावा.

पंख्याला छोटं सोलर पॅनल थेट जोडा. ऊन आलं की चालू, गेलं की बंद. लोडशेडिंगचा संबंधच नाही.

सावली_ठाणे:
काका, तिरकं किती ते राहिलं. निफाड २० अक्षांशावर. डिसेंबरअखेर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४६-४७ अंश वर असतो, म्हणून जमिनीशी ४३ अंशांचा कोन उत्तम. पण मी दक्षिणेच्या भिंतीला सरळ उभंच लावीन. थेट उन्हातलं सत्तर टक्क्यांच्या आसपास तरी मिळतं. आणि मे महिन्यात दुपारी सूर्य डोक्यावर असल्यामुळे खोकं आपोआप थंड राहतं.

मुलुंडकर, उन्हाळ्यात त्यात कुरडया वाळवायचा बेत असेल तर मात्र स्टँडवरच ठेवा. 😄

मुलुंडकर:
आईने पहिला प्रश्न तोच विचारला होता! जाळी आणतो. पण खरी थंडी पहाटे असते, तेव्हा काय?

डक्टवाला_डोंबिवली:
पहाटे खोकं काही देणार नाही, उलट चोरेल. खोलीतली हवा खोक्यात जाऊन परत यायला भिंतीला वर एक भोक, खाली एक. रात्री खोक्यातली हवा गार होऊन खालच्या भोकातून खोलीत उतरते आणि वरच्या भोकातून खोलीतली उबदार हवा ओढून घेते. खालच्या भोकावर खोक्याच्या बाजूने बारीक जाळी ठोका आणि तिच्यावर, खोक्याकडच्या अंगाला, कचऱ्याच्या पिशवीचा तुकडा फक्त वरच्या कडेने चिकटवा. दिवसा हवा खोलीतून खोक्यात जाताना तो उचलला जातो, रात्री उलट वारा आला की जाळीवर बसतो. फुकटातला व्हॉल्व्ह.

दिवसाची ऊब रात्रीपर्यंत टिकते की नाही हे घरावर. भिंती कसल्या, छप्पर कसलं?

मुलुंडकर:
भिंती जुन्या मातीच्या, दीड हात जाड. वर नुसता पत्रा.

डक्टवाला_डोंबिवली:
भिंती सोनं आहेत, पत्रा सगळं घालवतोय. आधी झोपायच्या खोलीपुरतं सीलिंग मारून घ्या, त्यावर ग्लासवूल टाका. खोकं संक्रांतीला नेलंत तरी चालेल. आणि दुपारी चारच्या सुमारास खिडक्या लावून घ्यायला आईंना सांगा. बाबा ऐकणार नाहीत.