मदत हवी आहे: हवेत ऑक्सिजनच नसेल तर हरितगृह परिणामाचं काय?

नमस्कार मंडळी. ऐरोलीत राहतो. भाची अकरावी सायन्सला आहे, प्रदर्शनासाठी तिने 'ऑक्सिजन नसलेली पृथ्वी' हा विषय घेतलाय. घरात केमिस्ट्रीवाला मीच, त्यामुळे काम माझ्या गळ्यात.

नायट्रोजन काय, ऑक्सिजन काय, अवरक्त किरणं (उष्णतेची, पृथ्वीवरून परत जाणारी) जवळजवळ शोषतच नाहीत. म्हणजे ऑक्सिजन काढून थेट फरक फारसा नाही. आडून मात्र बराच पडतो. ओझोन बनणार नाही, हा एक. पण खरी गंमत मिथेनची, तोही उष्णता अडवणारा वायू. आज तो हवेत साधारण 10-12 वर्षं टिकतो, कारण हायड्रॉक्सिल रॅडिकल (OH, ऑक्सिजन-ओझोनमुळे हवेत बनणारे अतिक्रियाशील कण) त्याचा फडशा पाडतात. ऑक्सिजन नसेल तर तोच हजारो वर्षं टिकू शकतो. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन वाढला. त्याआधी सूर्य मंद असूनही पृथ्वीवर पाणी वाहत होतं, त्यात मिथेनचा हात असावा असं मानतात.

गाडी अडलीय ती पुढे. कार्बन डायऑक्साइडच्या मानाने मिथेन फार झाला की शनीच्या टायटन या चंद्रासारखं नारिंगी धुकं धरतं आणि ते उलट थंडावा आणतं. हा तोल साधारण कुठल्या प्रमाणाला ढळतो?

दुसरं, 21 टक्के वायू काढला की दाब घटणार आणि कार्बन डायऑक्साइडच्या शोषणरेषा (ज्या तरंगलांबींवर तो किरणं शोषतो त्या) अरुंद होणार. हे धरायचं, की नायट्रोजन वाढवून दाब तोच ठेवायचा? मला दुसरं पटतं, भाची ऐकत नाही. चार्ट पेपरवर तिने दोन्ही रकाने आखून ठेवलेत, आकडे रिकामे.

वातावरणशास्त्रातलं कोणी असेल तर प्लीज सांगा. ठाणे-नवी मुंबईत असाल तर भेटायलाही येऊ.