लेक वेल्श शाळेत, घरी मराठी: कुणाचा अनुभव?

प्रश्न:
वेल्समधल्या कार्नार्व्हनला येऊन तीन वर्षं झाली. दुकानात, बसमध्ये वेल्शच कानावर पडते. लेक पाच वर्षांची, शाळा वेल्शमधून. परवा मला शिकवत होती: मांजर म्हणजे 'काथ', पण त्याची मांजर 'गाथ' आणि तिची 'खाथ'. आपण 'घोडा'चं 'घोड्याला' करतो ना, तसंच, फक्त बदल शब्दाच्या सुरुवातीला! मी हरखूनच गेले. पण मी मराठीत बोलले की ती आता इंग्रजीत उत्तर देते. मराठी सुटेल का हो?

प्रतिसाद १:
वेल्शची धास्ती नको. १९व्या शतकात इथल्या कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडी तुकडा अडकवत, 'वेल्श नॉट' म्हणत त्याला. तरी भाषा टिकली, घरात आणि चॅपेलात बोलली गेली म्हणून. तुम्ही घरी मराठी सोडू नका, एवढंच.

प्रतिसाद २:
तिला बाला गावाजवळचं ट्रवेरिन खोरं दाखवा. लिव्हरपूलच्या पाण्यासाठी १९६५ मध्ये तिथलं कापेल केलिन गाव बुडवलं. माझं आजोळ कोयनेच्या पाण्याखाली आहे. त्या काठावर मला बोलवेना.

मूळ प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. रात्रीची गोष्ट आता मराठीतच. आज तिने सांगितलं, वेल्शमध्ये अठरा म्हणजे 'दोन नऊ'. मी म्हटलं, आपलं एकोणीस म्हणजे 'एक कमी वीस'. लगेच विचारते, "मग एकोणतीस?" मराठीत!