'ऑथेल्लो'चा पहिला अंक कापावा का?

करवीरची वाचक:
आमच्या वाचनालयात दर महिन्याला नाटकाचं अभिवाचन असतं. या खेपेला 'ऑथेल्लो' घेतलंय. हातात दीड तास, वाचणारे सहा जण, म्हणजे कात्री लावावीच लागणार. गटातले दोघं म्हणतात, पहिला अंक सरळ काढू या. व्हेनिसमधली रात्र, बापाचा आरडाओरडा, दरबार, काहीच नको. सायप्रसच्या वादळापासून सुरू करू. व्हर्दीच्या ऑपेरातही (१८८७) तो अंक नाहीच, हा त्यांचा दाखला. म्हणणं असं की नाटक संशयाचं आहे. नायक काळा असो नाहीतर गोरा, त्यानं बायकोला दिलेला रुमाल हरवला, तो तिच्या बेइमानीचा पुरावा ठरला, की पुढचं तसंच घडणार.

मला हे पटत नाही, पण समोरासमोर सांगता येत नाही. काळा पुरुष, गोरी मुलगी आणि लोकांना न चालणारं त्यांचं प्रेम, हे या नाटकात नेमकं कुठल्या प्रसंगातून, कुणाच्या तोंडून येतं? संहितेत जागा दाखवून कुणी सांगेल का?

पडद्यामागे:
ताई, कापू नका. पहिले प्रवेश मोठ्यानं वाचून बघा. नायकाचं नाव कुणी घेतच नाही. 'तो मूर' (म्हणजे आफ्रिकेकडचा काळा), 'जाड ओठांचा', आणि मुलीच्या बापाच्या खिडकीखाली इयागो, नायकाच्याच हाताखालचा पण मनातून त्याचा वैरी, ओरडतो ते तर ऐकवत नाही: म्हातारा काळा मेंढा तुमच्या गोऱ्या मेंढीवर चढलाय. मग माणूस प्रत्यक्ष येतो तो किती शांत! तलवारी म्यान करा, दवानं गंजतील, एवढंच म्हणतो. 'ऑथेल्लो' हे नाव आपल्या कानावर पहिल्यांदा पडतं ते तिसऱ्या प्रवेशात, व्हेनिसचा सत्ताधीश ड्यूक याच्या तोंडून. तुर्कांचं आरमार निघालंय आणि सेनापती हवाय, तेव्हा.

लेस्टरकर:
ताई, मी गेली बेचाळीस वर्षं इंग्लंडमध्ये आहे. हे नाटक मी तीनदा पाहिलं. पहिल्या वेळी मला ऑथेल्लो दिसला, तिसऱ्या वेळी फक्त ब्रॅबॅन्शिओ, नायिका डेस्डिमोनाचा बाप.

दरबारात ऑथेल्लो सांगतो, हिच्या वडिलांचा माझ्यावर लोभ होता, मला वरचेवर घरी बोलवायचे, माझी कहाणी विचारायचे. मुलगी ती कहाणी ऐकतच त्याच्यात गुंतली. म्हणजे हा माणूस पाहुणा म्हणून चालत होता. जावई म्हणून समोर आला तेव्हा त्याच बापाला वाटलं, यानं जादूटोणा केला, औषध चारलं. त्याशिवाय माझी लेक 'असल्या'कडे कशी जाईल?

माझ्या मुलीचा एक मित्र घरी यायचा. घराणं लागोसचं, त्याचे आजोबा रेल्वेत होते. माझे वडीलही मिरजेला रेल्वेत. आमच्या गप्पा रंगायच्या. कटाची आमटी तो वाटीला तोंड लावून प्यायचा आणि आमच्या हिला, म्हणजे बायकोला, त्याचं फार कौतुक. एके दिवशी तो गेल्यावर मुलीनं सांगितलं, आम्ही लग्न करतोय. मी तिला विचारलं, "काय करणी केली त्यानं तुझ्यावर?" शब्द अगदी हाच, करणी. बी.एस्सी. झालेला माणूस मी. पुढे चौदा महिने आमच्यात बोलणं नव्हतं. म्हणून सांगतो, तो बाप खलपुरुष नाही. इयागोला जे हवं ते त्याच्यासारख्या चांगल्या माणसाकडूनच मिळतं.

आता प्रसंगांची गुंफण बघा. कायद्यानं हे प्रेम कुणी अडवत नाही. ड्यूक तर म्हणतो, ही कहाणी माझ्या मुलीलाही जिंकेल. फिर्याद निकालात निघते. पण जाता जाता बाप बोलून जातो: हिच्यावर नजर ठेव, बापाला फसवलं हिनं, तुलाही फसवेल. ऑथेल्लो म्हणतो, तिच्या निष्ठेवर माझा प्राण पणाला लावतो.

तिसऱ्या अंकात इयागो तेच वाक्य काढतो. तुमच्याशी लग्न करताना तिनं बापाला फसवलं होतं. या वेळी ऑथेल्लोचं उत्तर काय? हो, फसवलं होतं. पाठोपाठ तो स्वतःच पुटपुटतो, निसर्ग आपली वाट कसा चुकतो... इयागो ते वाक्य झेलतो. हिला आपल्या देशाची, आपल्या रंगाची स्थळं आली होती, ती हिनं नाकारली, यात काहीतरी कुजकं आहे. इयागो जातो आणि एकटा उरलेला ऑथेल्लो म्हणतो: कदाचित मी काळा आहे म्हणून.

रुमाल अजून पडलेलाच नाही! तो यानंतर पडतो. गटातल्या त्या दोघांना एवढंच दाखवा. संशयाला पुरावा मागाहून मिळाला. आपण हिला शोभत नाही, हे त्याच्या मनात आधीच उतरलं होतं आणि ते बापाच्या तोंडून आलं होतं. पहिला अंक काढलात तर इयागो कुणाचं वाक्य उकरतोय ते श्रोत्यांना कळणार कसं?

उंबरठा:
काकांच्या मुद्द्याला जोड. शेक्सपिअरनं ज्या इटालियन कथेवरून (१५६५) हे घेतलं तिच्यात घरच्यांचा विरोध ओझरता येतो. दरबार नाही, बापाची फिर्याद नाही. तो अंक त्यानं मुद्दाम रचला. त्या कथेत ती बाई स्वतःच म्हणते की घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न करणाऱ्या मुलींना माझ्यावरून धडा मिळेल. शेक्सपिअरच्या डेस्डिमोनाला या लग्नाचा पश्चात्ताप होत नाही. कुणी मारलं, या प्रश्नाला मरताना ती म्हणते, कुणी नाही, मी स्वतः.

आणि एमिलिया, इयागोची बायको आणि डेस्डिमोनाची सोबतीण, विसरू नका. नाटकातली सगळ्यात सच्ची बाई, पण ऑथेल्लोनं डेस्डिमोनाचा खून केल्याचं कळताच तिच्याही तोंडून 'काळा सैतान' निघतं.

जोहान्सबर्गला १९८७ साली मार्केट थिएटरमध्ये जॉन कानी या काळ्या नटानं ऑथेल्लो केला. वर्णद्वेषी राजवट चालूच होती. काळ्या-गोऱ्यांच्या लग्नावरची बंदी उठून जेमतेम दोन वर्षं झाली होती. तिथल्या प्रेक्षकांना हे रुमालाचं नाटक वाटलं असेल का?

करवीरची वाचक:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल तालमीत तिसरा अंक वाचला. ऑथेल्लो वाचणारे सर 'कदाचित मी काळा आहे म्हणून' या ओळीशी थांबले, पानं मागे उलटून रुमाल कुठे पडतो ते त्यांनी पेन्सिलीनं खूण करून बघितलं. मग कुणी वाद घातला नाही. विदूषकाचे प्रवेश काढतोय, बियांका या दुय्यम पात्राची भूमिका थोडी कमी करतोय, पहिला अंक राहतोय. अंक काढा म्हणणाऱ्यांपैकीच एकांनी ब्रॅबॅन्शिओ मागून घेतलाय. आवाज खणखणीत आहे त्यांचा. लेस्टरकर काका, काही सांगायचंय त्यांना?

लेस्टरकर:
खिडकीतून ओरडतो तिथे आवाज लावू देत. पण दरबारातलं शेवटचं वाक्य खाली आणा म्हणावं. मी माझं वाक्य ताट उचलता उचलता बोललो होतो. स्वयंपाकघरात हिलाही ऐकू गेलं नाही.