कवटीची टायटॅनियम प्लेट सोलापुरात का बनू नये?

टूलरूमवाला (अक्कलकोट रोड एमआयडीसी)
मेव्हण्याची गाडी बाळ्याजवळ घसरली. मेंदूची सूज उतरावी म्हणून कवटीचं डावीकडचं हाड काढलं. तीन महिने तो डोक्याला टॉवेल गुंडाळून बसायचा. त्या खड्ड्याकडे कुणी पाहिलं की भिंतीकडे तोंड करायचा. प्लेट बाहेरगावाहून यायची होती. आली तेव्हा हातात घेऊन पाहिली आणि वाटलं, हे आपलंच काम. सीटी स्कॅनमधली उजवी बाजू आरशासारखी उलटवून डावीचा आकार काढायचा, डाय म्हणजे साचा करायचा, त्यावर अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा ग्रेड २ (शुद्ध टायटॅनियमचा) पत्रा दाबायचा. इंजिनातल्या कॅमशाफ्टचे मायक्रॉन सांभाळणारं गाव आहे हे. एवढी वाट का बघायची?

फिनिशिंगवाला
दादा, पुण्यात इम्प्लांटच्या फिनिशिंगला नऊ वर्षं काढली, म्हणून ठामपणे सांगतो: नको. आकार देणं हा सोपा भाग. स्टीलच्या डायवरून लोखंडाचे कण पत्र्यात रुततात, डोळ्याला दिसत नाहीत. ते काढायला नायट्रिक आणि हायड्रोफ्लुओरिक ॲसिडचं पिकलिंग लागतं, म्हणजे प्लेट ॲसिडात बुडवून वरचा थर काढायचा. हायड्रोफ्लुओरिक पातळ असलं तर कातडीवर पडल्याचं लगेच कळतही नाही, ते आत मुरत हाडापर्यंत जातं. त्यावरचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल जवळ असल्याशिवाय आम्ही टाकीचं झाकण उघडत नसू. प्लेट जास्त वेळ बुडाली की पत्रा झिजतो, हायड्रोजन शिरला तर ठिसूळ होतो. हे गॅरेजात निभत नाही.

टूलरूमवाला
गॅरेज म्हणू नका. डायवर युरेथेनचा, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकचा थर देऊन दाबू, लोखंड लागणारच नाही.

फिनिशिंगवाला
कमी लागेल. लागलंच नाही, हे तपासणार कोण?

वाचक, जुळे सोलापूर
दातांच्या इम्प्लांटचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत करतात, हाड घट्ट धरतं. मग प्लेटही नुसती ब्लास्ट केली, म्हणजे बारीक कणांचा मारा करून घासली, तर पिकलिंगची एवढी भानगड कशाला?

सिस्टर (सात रस्ता)
दाताचा स्क्रू हाडात रुततो. ही प्लेट कातडीखाली असते, बारीक स्क्रूंनी धरलेली. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) एका पेशंटच्या कानशिलावरची कातडी कडेपाशी पातळ होत गेलेली पाहिली, शेवटी धातू दिसायला लागला. पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. कड हाताला गुळगुळीत लागली पाहिजे, माझा एवढाच आग्रह. पण तीन महिने वाट पाहणाऱ्या घरच्यांकडे मी रोज बघते, त्यामुळे टूलरूमवाल्या दादांची तळमळ मला पटते.

फिनिशिंगवाला
ताई, तळमळ मलाही पटते. पण २०१७ चे मेडिकल डिव्हाइस रूल्स आहेत, परवाना लागतो. प्रत्येक प्लेट कुठल्या पत्र्यातून निघाली, किती वेळ ॲसिडात होती, याची नोंद लागते. ॲनोडायझिंगमध्ये, म्हणजे विजेने पृष्ठभागावर ऑक्साइड चढवताना, व्होल्टेज बदललं की ऑक्साइडच्या थराची जाडी बदलते आणि रंगही. निळी प्लेट सुंदर दिसते म्हणून ती स्वच्छ असते असं नाही.

टूलरूमवाला
ठीक. ॲसिडचं काम परवानेवाल्याकडेच राहू दे. आकार आणि डाय आम्ही इथे चार दिवसांत करून देतो. एवढं तरी?

फिनिशिंगवाला
नाही. दाबताना पडलेला ओरखडा ॲसिडच्या टाकीत बुडवून निघत नाही.