प्रतिसाद: द्राक्षांच्या प्रश्नात खर्चाचा पर्याय का नाही

जीमॅट या एमबीए प्रवेश परीक्षेच्या सरावातला निफाडच्या द्राक्षांचा प्रश्न असा आहे: प्लास्टिक आच्छादन घातलेल्या बागांत एकरी माल जास्त निघाला, म्हणून आच्छादनानेच उत्पादन वाढतं; हा निष्कर्ष कोणत्या पर्यायाने कमकुवत होतो? वर बऱ्याच जणांनी ‘आच्छादन फार महाग पडतं’ हा पर्याय निवडलाय. नाशिककराला तो पटणारच! पण निष्कर्ष उत्पादनाबद्दल आहे, खर्चाबद्दल नाही. दिलेली माहिती खरी धरायची आणि माल वाढायला दुसरं कारण कुठे दिलंय ते शोधायचं. ‘आच्छादन घालणाऱ्यांच्या बागा आधीपासूनच जास्त माल देत होत्या’ हे उत्तर. त्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही, डळमळतो, तेवढं पुरतं. ‘काही बागांत आच्छादन असूनही माल कमी आला’ हा पर्याय फसवा, अशा दोन-चार बागा सरासरीला धक्का लावत नाहीत. जीमॅटला व्हर्बलचे (वाचन आणि तर्काच्या विभागाचे) २३ प्रश्न ४५ मिनिटांत असतात, तेव्हा खर्चाचे पर्याय आधी छाटा.